मिस्त्रींचा शेवटचा दात

माझ्या गिटारच्या वरच्या कडेला, जिथे वाजवणाऱ्याचा उजवा हात टेकतो, तिथे तांदळाच्या दाण्याएवढी एक खोबण आहे. बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. कुणी म्हणतं उंदीर लागला, कुणी म्हणतं दारात आपटली. तारा घ्यायला गेलो तर दुकानदाराने भिंग लावून पाहिलं आणि लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर पॉलिश मारून देतो, खूण कुठे होती ते तुम्हालाही सापडणार नाही, असं आश्वासन दिलं. मी म्हटलं, राहू दे, ती कंपनीची खूण आहे. कोणती कंपनी, त्याने विचारलं. कंपनी एका माणसाची होती आणि खूण पडली तेव्हा त्या माणसाच्या तोंडात एकच दात होता, हे काउंटरवर उभ्या उभ्या कसं सांगणार? म्हणून घरी बसून लिहितोय.

त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. माझी बायको मामा म्हणे, कारण ते तिच्या आईचे चुलतभाऊ. पोलादपूरकडच्या कापडे गावापुढे डांबर संपतं, तिथून भातखाचरांच्या बांधावरून दहा मिनिटं चाललं की त्यांची बौद्धवाडी. बायकोचं माहेर तिथलंच, आजोळही तिथलंच. आमच्याकडे सोयरीक फार लांब चालत जात नाही. मिस्त्रींनी अठ्ठावीस वर्षं मुंबईत एका वाद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काढली. गिटारींची पोटं उघडायची, आतल्या काड्या बदलायच्या, पुन्हा बंद करायची. मग कान गेले. कान गेल्यावर गावी आले आणि पाळणे, दारं, खाटा करू लागले. कुणी मागितली तर गिटारही. आता पोलादपूर तालुक्यात गिटार मागणारा किती वर्षांनी उगवणार? पण मिस्त्रींना घाई नव्हती. त्यांच्या खाटेखाली फणसाच्या दोन फळ्या सात वर्षं झोपलेल्या होत्या.

बहिऱ्या माणसाशी बोलताना आपण ओरडतो. मीही पहिल्याच भेटीत ओरडलो. मिस्त्री म्हणाले, "जावय, वरडू नका. मी बहिरा हाय, आंधळा नाय. तोंड दिसतंय मला तुमचं."

मी त्या वाडीचा जावई. जावयाला अरे-तुरे करायचं नाही ही तिथली रीत, आणि मिस्त्री रीत पाळणारे. त्यामुळे त्यांनी माझे जे काही अपमान केले ते सगळे आदरार्थी बहुवचनात केले.

ओठांवरून कळलं नाही तर लिहून द्यायचं. वही-बिही नाही. रंधा मारलेली एक फळी समोर सरकवायचे आणि कानामागची जाड पेन्सिल हातात द्यायचे. तुम्ही लिहायचं, ते वाचायचे, तोंडी उत्तर द्यायचे, आणि बोलणं संपलं की फळीवर पुन्हा रंधा फिरवायचे. तुमचं म्हणणं सालपटं होऊन खाली पडायचं. त्याच सालपटांवर दुपारचा चहा व्हायचा. वाडीतली निम्मी भांडणं त्या चुलीत गेलेली आहेत, आणि ती वाडी सुखी असण्याचं तेही एक कारण असावं.

मग बहिरा माणूस गिटार करतो कशी? दाताने. फळी तासून झाली की मिस्त्री तिच्या कडेला दात टेकवायचे, डोळे मिटायचे आणि बोटाच्या पेराने टकटक करायचे. आवाज दातातून कवटीत जायचा. थोडं तासायचे, पुन्हा चावायचे. नवीन माणसाला वाटायचं म्हातारा भुकेला आहे. मला तर हा सगळा नवसा-उताऱ्याचा प्रकार वाटला होता, आणि मी शाळेच्या ऑफिसात त्याची नक्कल करून भरपूर हशा मिळवला होता. मी महाडच्या एका शाळेत क्लार्क आहे. आम्हाला हशा सहज मिळत नाही, त्यामुळे मिळाला की आम्ही तो पुरवून वापरतो.

पण दातांची गोष्ट नकलेपुरती नव्हती. बायको आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत गाते, मुख्य आवाज तिचाच. तिला नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा स्टेजवर उभं केलं ते मिस्त्रींनी. पेटीवर तेच असायचे. सुट्टीत गावी आले की तिला खांद्यावर घेऊन वाड्या-वाड्यांतून कार्यक्रमाला न्यायचे. ती कॉलेजात गेली आणि त्यांचे कान गेले. तिचा पुढचा आवाज, म्हणजे ज्या आवाजाला आता तालुक्यातली माणसं ऐकायला येतात तो, मिस्त्रींनी ऐकलेलाच नव्हता.

मागची गिटार करत असताना मात्र एक गंमत झाली होती. गिटारचं नुकतं बंद केलेलं पोट ते दाताने तपासत होते आणि शेजारी कुणाचं तरी पोर रडायला लागलं. मिस्त्रींना ते रडणं दातात ऐकू आलं. त्यांनी पोराला गप्प करू दिलं नाही, चांगलं पाच मिनिटं रडवलं. आणि भाचीला निरोप पाठवला, पुढची गिटार झाली की तिच्या पोटात तोंड घालून गाणं म्हण, मला ऐकायचंय. पण ती गिटार गिऱ्हाईक तेव्हाच घेऊन गेलं, आणि पुढचं गिऱ्हाईक काही येईना. मग एक स्वतःसाठीच करा ना, असं बायकोने सुचवून पाहिलं होतं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "मानसाबिगर गिटार केली तर ती कुनाच्या मापाची?"

दात मात्र गिऱ्हाइकाची वाट बघत नव्हते. मी बुद्धपौर्णिमेला पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा चार होते. या गोष्टीतलं घड्याळ ते आहे, आणि ते पुढे सरकत असताना मी काय करत होतो ते आता सांगतो. अभिमानाने सांगण्यासारखं त्यात काही नाही.

मला गिटार हवी होती. गायन पार्टीत तोपर्यंत माझं काम एक्स्टेंशन बोर्ड सांभाळण्याचं आणि चहा सांगण्याचं. शाळेत गॅदरिंगची एक जुनी गिटार होती, तिला चार तारा उरल्या होत्या. मधल्या सुट्टीत व्हिडिओ बघून मी चार कॉर्ड शिकलो. चार तारांत चार कॉर्ड म्हणजे शंभर टक्के झाले, असं मला वाटलं. बायकोला सांगितलं की मी आता तुला साथ करणार. ती म्हणाली, "मग मामाकडे चला. माप द्या."

मिस्त्रींनी शिंप्यासारखं माप घेतलं. सुतळीने बोटांची लांबी, हाताची वीत, खांद्यापासून कोपरापर्यंत. तळहाताला घाम येतो का ते आपल्या पालथ्या हाताने पाहिलं. कुठल्या कुशीवर झोपता, विचारलं. मग सुतळी माझ्या पोटाभोवती फिरवली.

"गिटार पोटावर बसते, छातीवर नाय," मिस्त्री म्हणाले. "अजून वाढनार हाय का?"

मी ठामपणे मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी सुतळीला गाठ मारली आणि दोन बोटं सोडून दुसरी गाठ मारली. बायको दाराकडे तोंड करून हसत होती.

कधी मिळेल, मी फळीवर लिहिलं. पावसाळा जाऊ दे, लाकूड बोललं की सांगतो, ते म्हणाले. लाकूड साधारण किती वाजता बोलतं, असं मला विचारायचं होतं, पण जावई असलो तरी मार खायची इच्छा नव्हती. मी फळीवर मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला: "कळवतो." महाडात कळवतो म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सोयरीक मोडायची असली तरी कळवतो, गॅसवाला बदलायचा असला तरी कळवतो. मिस्त्रींनी तो शब्द वाचला, मान डोलावली, आणि फळी बाजूला ठेवली. रंधा मारला नाही. माझ्या ते लक्षात आलं नाही.

परतताना बायकोने मला दातांचं सगळं सांगितलं, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी ऐकलं, वाईट वाटून घेतलं आणि घरी येऊन मोबाइलवर गिटारचे सुटे भाग शोधायला बसलो.

आता यात माझी बाजू ऐका. व्हिडिओतला माणूस सांगत होता की गिटार म्हणजे पंखा जोडण्यासारखं काम आहे. धड एकीकडून मागवा, मान दुसरीकडून, तारा पिळायच्या चाव्या तिसरीकडून; चार स्क्रू पिळा, तारा लावा, झालं. लाकूड बोलण्याची वाट बघायला नको. शिवाय, खरं सांगायचं तर, त्या दोन बोटांचा राग होता. माझ्या पोटाबद्दल तारीख-वार न विचारता भविष्य वर्तवणाऱ्या माणसाकडून मला गिटार घ्यायची नव्हती.

जूनमध्ये पार्सलं येऊ लागली. आधी धड आलं, लालभडक, चपटं. मग मान आली. मग तारा टेकायची घोडी, मग चाव्यांची डबी. बायको प्रत्येक पार्सल सही करून घ्यायची आणि माझ्यापुढे ठेवायची. तिसऱ्या पार्सलाला तिने विचारलं, मामाचं काय? मी म्हटलं, तेही बघू. ती म्हणाली, "तुमचं बघून होईस्तोवर तिकडे एक दात पडला."

तो पडला नव्हता, पाडला होता. मिस्त्रींनी स्वतः पकडीने काढला, कारण तो हलत होता आणि त्यामुळे टकटकीत खडखड यायची. राहिलेल्या तिघांचा सूर बिघडतो म्हणून चौथ्याला काढून टाकणारा हा माणूस.

इकडे मी मान बसवत होतो. धडाच्या खाचेत मान जाईना. कानसीने खाच मोठी केली, तर मान आत जाऊन डुगडुगायला लागली. मग मध्ये निमंत्रणपत्रिकेचा पुठ्ठा घातला. कुणाच्या लग्नाची होती आठवत नाही, पण ते लग्न माझ्या गिटारपेक्षा जास्त टिकलं असणार. तारा ताणून लावल्या आणि वाजवलं. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, मिक्सर कुणी लावला?

जुलैत नदीला पाणी चढलं. आमच्या महाडात याची एक पद्धत आहे. ज्या वर्षी मोठा पूर आला त्या वर्षी शाळेच्या ऑफिसात माझ्या गळ्यापर्यंत पाणी होतं. दाखल्यांची रजिस्टरं आम्ही नंतर दोरीवर कपड्यांसारखी वाळत घातली. त्या वर्षापासून पाण्याचा इशारा आला की महाडकर दुसरा विचार करत नाही, किमती वस्तू माळ्यावर चढवतो. कागदपत्रं, टीव्ही, मिक्सर, लग्नाच्या साड्या. मीही गिटार, ताणलेल्या तारांसकट, पत्र्याखालच्या माळ्यावर चढवली. पाणी अंगणापर्यंत येऊन उतरलं. टीव्ही उतरला, मिक्सर उतरला, साड्या उतरल्या. गिटार मात्र वरच राहिली. एक तर वर ठेवलेलं खाली आणायची महाडकराला घाई नसते, आणि दुसरं म्हणजे ती खाली आली असती तर वाजवावी लागली असती.

ती एप्रिलपर्यंत वर होती. मार्चपासून आमच्या पत्र्याखाली पापड भाजता येतात.

एप्रिलमध्ये बायको माहेरी जाऊन आली आणि शांतपणे म्हणाली की पौर्णिमेचा कार्यक्रम वाडीतच आहे, आणि आमचे हे गिटार वाजवणार असं मी सगळ्यांना सांगून आलेय. मी शिडी लावली. माळ्यावरून जी वस्तू खाली आली तिची मान विळ्यासारखी वाकलेली होती. तारा ओढत राहिल्या, ऊन भाजत राहिलं, डिंक सुटला, आणि वरची पट्टी एका बाजूने उचकटून मला जीभ दाखवत होती. पुठ्ठा जळका वास मारत होता. कार्यक्रमाला पाच आठवडे होते.

मी ते मढं तांदळाच्या रिकाम्या गोणीत घातलं आणि एकटाच पोलादपूरची एसटी पकडली. बायको म्हणाली होती, तुम्ही केलंय, तुम्हीच तोंड दाखवा.

मिस्त्री अंगणात खाटेवर बसले होते. हसले तेव्हा कळलं, एकच उरलाय. खालचा, समोरचा, थोडा तिरका. एक उसाने गेला, एक असाच गेला. पोलादपूरचे दातांचे डॉक्टर म्हणाले होते की हाही काढा, पूर्ण कवळी बसवतो, सुखाने भाकरी खा. मिस्त्रींनी काम झाल्याबिगर नाय म्हणून सांगितलं होतं. आणि तो दात टिकावा म्हणून गेले चार महिने त्यांनी भाकरी सोडली होती. सुकट सोडली होती. सकाळ-संध्याकाळ पेज. कोकणातल्या माणसाने सुकट सोडावी म्हणजे काय, हे मी समजावून सांगत बसत नाही.

मी गोणी उघडली. त्यांनी लाल धड मांडीवर घेतलं, दात लावला, एकदाच टकटक केलं आणि खाली ठेवलं.

"हिच्या आत घर नाय," ते म्हणाले. "आवाज आला तरी राहील कुठं? हा पाट हाय, जावय. बसा यावर."

मी बसलो. करणार काय? तिथे बसूनच मी फळीवर लिहिलं की माझी चूक झाली, आता पाच आठवड्यांत तुम्ही गिटार करू शकाल का. मिस्त्रींनी वाचलं आणि वर बोट दाखवलं. चुलीच्या वर, धुराच्या वाटेत, वाशाला एक गिटार टांगलेली होती. फणसाची पाठ, शिवणीच्या लाकडाचं पोट, सागाची मान. पोट अजून पाठीला चिकटवायचं होतं आणि लोखंड कुठेच नव्हतं. बाकी गिटार झालेली होती.

ही कुणाची, मी लिहिलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी माझं स्वतःचं नाव विचारलं होतं. "माप तुमी दिलं ना? माप दिलं म्हंजे काम दिलं."

मी आपला निवड करत बसलो होतो. कारागिराची की बाजारातली, मोबाइलवर दोन याद्या केल्या होत्या, फायदे-तोटे लिहून. आणि इकडे निवड सुतळीच्या गाठीबरोबरच झालेली होती. मिस्त्री अडले होते ते चाव्यांपाशी. मुंबईहून आणलेल्या संपल्या होत्या, आणि फिरायला पाय साथ देत नव्हते. कुठल्या चाव्या हव्यात ते मी कळवेपर्यंत ते थांबले होते. मी कळवतो म्हटलं होतं ना.

त्या दिवशी त्यांनी माझ्या मढ्याच्या चाव्या काढल्या, मानेतल्या पितळी पट्ट्या एकेक उपटल्या, घोडीचं हाड घेतलं. लाकूड मापाचं असावं, लोखंड बाजारचं चालतं, असं काहीसं पुटपुटत होते. लाल धड खरोखरच पाट म्हणून भिंतीशी ठेवलं. ते आजही तिथे आहे आणि जावई आला की त्याच्या बुडाखाली दिलं जातं.

मग मी दर रविवारी जाऊ लागलो. फळ्या धरायचो, सरस ढवळायचो. पोट तासण्याचं काम राहिलं होतं, आणि ते दाताशिवाय होत नव्हतं. दात हलायला लागला होता. मिस्त्री एका रविवारी तीनदाच चावायचे. आधी बोटांनी चाचपायचे, वाकवून बघायचे, उजेडात धरायचे, आणि अगदी गरज पडली की लवंगेच्या तेलाचा बोळा हिरडीला लावून एकदा दात टेकवायचे. नक्कल करणारा मी, फळी धरून उभा असायचो आणि त्यांच्याबरोबर माझाही श्वास थांबायचा.

एका रविवारी ते म्हणाले, "चावून बघा."

मी कडेला दात लावला. त्यांनी टकटक केलं. मी मान डोलावली, ऐकू आलं म्हणून.

"खोटं बोलताय. कान बंद करा आदी."

दोन्ही कानांत बोटं घालून, वाकून, तोंडात फळी धरलेल्या अवस्थेत मी उभा होतो. वाडीतल्या दोन बायका पाणी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबून बघत होत्या. मिस्त्रींनी टकटक केलं, आणि माझ्या डोक्याच्या आत कुणीतरी दार वाजवलं. बाहेरून काही आलं नाही. आतच होतं. मोठं, गोल, खोल, आणि संपताना शेवटी जरासं कडवट. मी फळीवरून दात उचलले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मिस्त्रींना मी लिहून दिलं की लवंगेचं तेल गेलं. त्यांनी लगेच रंधा मारला. त्यांना खोटं ठेवायला आवडायचं नाही.

त्या दिवशी त्यांनी ते कडवटपण जिथे होतं तिथून सालपटाएवढं लाकूड काढलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गिटार तयार झाली. माझ्या पोटावर ठेवली तर चिकटून बसली. त्या दोन बोटांसकट. मी भोकातून आत डोकावलो. मोठ्या कंपन्यांच्या गिटारीत तिथे छापील कागद असतो. इथे पाठीला आडवी एक पट्टी होती, आणि तिच्यावर जाड पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "कळवतो."

मी बायकोला म्हटलं, आता गा, त्यांना ऐकू दे. पण मिस्त्री नको म्हणाले. सरस अजून ओला आहे, ओल्यात गायचं नाही. उद्या कार्यक्रम होऊ द्या, परवा सकाळी घरी बसून ऐकतो. एवढं थांबलो, अजून एक दिवस.

आणि तो एक दिवसही मी धड जाऊ दिला नाही.

त्या वर्षीची पौर्णिमेची खीर मी जावयाच्या हौसेने माझ्याकडून दिली होती. साधी दिली असती तर काय बिघडलं असतं? पण जावयाची खीर आहे, कळली पाहिजे, म्हणून मी तीत खारका घातल्या. भरपूर. न भिजवलेल्या. दुपारी विहारापुढे वंदना झाली, पंगत बसली, आणि मीच हातात पातेलं घेऊन वाढत फिरलो. मिस्त्रींच्या पानात आग्रहाने दोन डाव घातले.

ऊन उतरल्यावर कार्यक्रम सुरू झाला. मी खुर्चीवर, मांडीवर गिटार, समोर माईक. बायकोने पहिलं गाणं उचललं. मी माझे चार कॉर्ड ओळीने लावून ठेवले होते. अर्धं गाणं झालं असेल, आणि मिस्त्री पुढच्या रांगेतून उठले. एक हात तोंडावर. स्टेजच्या पायऱ्या चढून सरळ माझ्याकडे आले. पेटीवाला थांबला. मीही थांबलो. त्यांनी तोंडावरचा हात काढला, आणि दात एका धाग्यावर लोंबत होता.

त्यांनी मला काही विचारलं नाही. माझा उजवा हात धरून बाजूला केला, वाकले, हलणारा दात अंगठ्याने खालून रेटून धरला आणि गिटारच्या कडेला चावा घेतला. डोळे मिटले. पूर्ण वाडी बघत होती. कुणीतरी हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

बायकोने माईक स्टँडला लावून ठेवला. ती खाली बसली, गुडघे टेकून, गिटारच्या भोकाशी तोंड नेलं आणि गायला लागली. ते नऊ वर्षांची असताना म्हटलेलं पहिलं गाणं. माईक नव्हता, पेटी नव्हती. तिसऱ्या रांगेच्या मागे कुणाला काही ऐकू आलं नसणार. माझ्या हातांना मात्र येत होतं. लाकूड बोटांखाली थरथरत होतं. मिस्त्रींनी डोळे न उघडता हाताने मला खूण केली, वाजवा. मी घोडीजवळ, जेवढी जागा उरली होती तेवढ्यात, हळूहळू वाजवायला लागलो. आम्ही तिघं त्या गिटारभोवती असे गुंतलो होतो की लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल काहीतरी अडकलंय आणि आम्ही ते सोडवतोय.

दोन कडवी झाली. मिस्त्रींनी तोंड उचललं. दोन बोटांनी दात काढला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. बहिरा माणूस हळू बोलत नाही, त्याला हळू म्हणजे किती ते कळत नाही. ते जे बोलले ते माईकशिवाय शेवटच्या घरापर्यंत गेलं.

"दुसऱ्या कडव्याला दम पुरत नाय गो तुला. नऊ वर्षांची व्हतीस तवाबी नाय पुरायचा."

बायको गुडघ्यांवर बसल्या बसल्या हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. तिने त्यांचे पाय धरले.

"आनि जावय," मिस्त्री माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी ताल सोडता."

वाडी इतकी हसली की कार्यक्रम पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला.

आता मिस्त्रींना वर-खाली मिळून पूर्ण कवळी आहे. सुकट खातात, भाकरी खातात, माझ्यासमोर मुद्दाम फुटाणे खातात. कवळी लावून त्यांनी एकदा गिटार चावून पाहिली आणि प्लास्टिक हाय, काय येत नाय म्हणाले. मी लगेच मोबाइलवर शोधून फळीवर लिहून दिलं की कुठलंही हाड चालतं, हनुवटी टेकवून बघा. त्यांनी माझ्या समाधानासाठी टेकवली. "आवाज येतो," म्हणाले, "चव नाय येत." आणि रंधा मारला. त्यानंतर त्यांनी गिटार केलेली नाही. कुणी माप द्यायला आलेलंही नाही.

आम्ही गेलो की मला लाल पाटावर बसवतात. गिटार मांडीवर घेतात, कडेच्या खोबणीवरून अंगठा फिरवतात आणि विचारतात, "ताल?"

त्यांना आता काही ऐकू येत नाही, त्यामुळे मला भीती नाही. मी अगदी स्पष्ट, ओठ हलवून सांगतो, "सुधारला, मामा." माझ्या मागे त्यांची भाची उभी असते. ती मान हलवून नाही म्हणते. ते ऐकायला त्यांना दात लागत नाही.